उपवासकाळात सीमाप्रश्नाचं काय करायचं?

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ख्रिस्ती घरांत एकच चर्चा सुरू होते: यंदा काय सोडायचं? कुणी मटण सोडतो, कुणी दारू, कुणी गोड. तरुण मुलं इन्स्टाग्राम सोडतात, निदान तसं इन्स्टाग्रामवर जाहीर तरी करतात. शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या प्रवासाची आठवण करणारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते, तिची चौदा स्थानकं होतात, गुडघे टेकून उठताना म्हातारी माणसं कण्हतात आणि घरी परतल्यावर सुरमईचं कालवण वाट पाहत असतं. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. शेजारच्या घरातल्या साबुदाणा वड्यांना हसायचा आम्हाला काही अधिकार नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्याही ताटाला तंतोतंत बसते.

माझी तक्रार खाण्यापिण्याबद्दल नाही. चाळीस दिवस घरातली बाटली बंद राहिली तर त्या घरातल्या बाईला त्याची किंमत विचारा. काही माणसं ईस्टरनंतरही पुन्हा पेल्याला हात लावत नाहीत, हेही खरं. तक्रार आहे ती आत्मपरीक्षण म्हणून आपण जी यादी डोळ्यांपुढे धरतो तिच्याबद्दल. खोटं बोललो का, बायकोवर ओरडलो का, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकवली का, मोबाईलवर नको ते पाहिलं का. यादी बरोबर आहे, पण ती घराच्या उंबऱ्यापाशी संपते. सीमाभागात राहणाऱ्या माणसाच्या मनात सर्वांत मोठी जागा अडवून बसलेली गोष्ट म्हणजे भाषेवरून वर्षानुवर्षं पोसलेला राग, आणि त्याचं नाव या यादीत कुठेच नसतं. माझं म्हणणं असं की ते पहिल्या ओळीत असायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ख्रिस्ती माणसाने पापनिवेदनाला जाताना कन्नड माणसाबद्दल आपण काय बोललो, काय पसरवलं आणि काय ऐकून गप्प बसलो याचा हिशेब आधी मांडावा. कन्नड बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसानेही मराठी शेजाऱ्याबाबत तेच करावं. आणि हे ज्याने-त्याने एकट्याने, कानात कुजबुजून करून भागणार नाही, ते मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांनी, एकत्र करावं लागेल.

‘धर्मात राजकारण आणू नका’ हे उत्तर यावर तयारच असतं. त्याकडे येतो. आधी हा काळ मुळात कशासाठी होता ते पाहू.

इसवी सन ३२५मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेचं नाव निघालं की लोकांना मतांगीकार, म्हणजे तिथे ठरलेला श्रद्धेचा जाहीरनामा, आठवतो. त्याच परिषदेचा पाचवा नियम मात्र फारसं कुणी वाचत नाही. विषय रुक्ष आहे. एखाद्या बिशपने कुणाला मंडळीबाहेर काढलं असेल, तर ते न्यायाने झालं की बिशपच्या हेकेखोरपणापायी, भांडखोरपणापायी झालं, हे तपासायला प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं, असा तो नियम. यातली एक बैठक कधी घ्यायची? चाळीस दिवसांच्या आधी. कारणही तिथेच दिलं आहे: मनातला सगळा कोतेपणा निघून जावा आणि देवापुढे शुद्ध दान ठेवता यावं. या चाळीस दिवसांचा उल्लेख असलेल्या अगदी जुन्या कागदांपैकी हा एक, आणि त्यात मटणाचा विषय नाही. तंटे कधीपर्यंत निकाली काढायचे त्याची मुदत आहे.

त्या शतकांत प्रायश्चित्तही चारचौघांत होत असे. मोठा गुन्हा केलेली माणसं उपवासकाळात मंडळीपासून वेगळी उभी राहत आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात त्यांना समारंभाने परत आत घेतलं जाई. राजेही यातून सुटत नसत. ३९० साली थेस्सलोनिका शहरात दंगल झाली, एक अधिकारी मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारो माणसं कापली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवलं की प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुझ्यासमोर मी वेदीवर उभा राहणार नाही. सम्राटाने राजवस्त्रं उतरवून सगळ्यांदेखत पश्चात्ताप केला. त्याने शुक्रवारी काय खाल्लं हे अँब्रोजनी विचारलं नव्हतं. विचारलं ते एका शहरावर काढलेल्या रागाबद्दल.

पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या संन्याशांनी एका माणसाने एका धर्मगुरूला एकांतात पाप सांगण्याची पद्धत रुजवली. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणं सगळ्यांना बंधनकारक केलं. सोळाव्या शतकात लाकडी कोठडी आली, मध्ये जाळी आली. या बदलाने पुष्कळ माणसांना दिलासा दिला, हे नाकारायचं कारण नाही. गावासमोर उभं राहण्याच्या भीतीने कितीतरी जण मरेपर्यंत प्रायश्चित्त टाळत असत. पण त्या जाळीतून फक्त एका माणसाचं पाप आत जाऊ शकतं. अख्ख्या गल्लीचं, अख्ख्या जमातीचं पाप त्यातून जात नाही आणि म्हणून ते कुणी सांगतही नाही.

हे चर्चच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या ११०व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की उपवासकाळातलं प्रायश्चित्त केवळ आतलं आणि वैयक्तिक नसावं, ते बाह्य आणि सामाजिकही असावं. आता गंमत बघा. लॅटिन बाजूला सारून लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली तीही याच दस्तऐवजाने. म्हणजे मातृभाषेतली मिस्सा आणि सामाजिक प्रायश्चित्त या दोन्ही गोष्टी आम्हाला एकाच पुडक्यातून मिळाल्या. पहिली आम्ही दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यावरून साठ वर्षं भांडलो. दुसरी पुडक्यातच राहिली.

भांडलो म्हणजे कसे, ते कर्नाटकातल्या कुठल्याही कॅथलिक माणसाला सांगावं लागत नाही. बंगळूरमध्ये कन्नड, तमिळ आणि कोंकणी मिस्सांवरून झालेले वाद रस्त्यापर्यंत आले. १ एप्रिल २०१३ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या एका मोठ्या सेमिनरीचे, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे, रेक्टर आवारातच खून झालेल्या अवस्थेत सापडले. साधारण वर्षभराने पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत धर्मगुरूही होते, आणि त्या निमित्ताने भाषिक गटबाजीवर जाहीर चर्चा झाली. गुन्हा कुणाचा हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण अशा प्रकरणात भाषेचा विषय निघाला तरी कुणाला आश्चर्य वाटू नये, इथवर आपण आलो होतो, ही गोष्ट कुठल्याही निकालाने पुसली जाणार नाही.

आमच्याकडे प्रकरण इतकं पेटलं नाही. आमच्याकडे ते धुमसतं. कुठल्या भाषेच्या मिस्सेला सकाळची वेळ आणि कुठल्या भाषेला दुपारची, सणाच्या दिवशी पहिलं वाचन कुणी करायचं, गायकवृंदातला माईक कुणाकडे, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) मिरवणूक कुठल्या भाषेतल्या गाण्याने निघणार. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. पण घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि लग्नपत्रिकेवर इंग्रजी अशी चार भाषांची ज्यांची वाटणी झाली आहे, त्यांना देवापुढे कुठल्या भाषेत उभं राहायचं हा प्रश्न खरोखरच टोचतो. गोव्यातून घाट चढून आलेली घराणी आहेत, लष्कराबरोबर कॅम्पात आलेली तमिळ कुटुंबं आहेत, खेड्यापाड्यांतले मराठी आणि कन्नड दलित ख्रिस्ती आहेत, आणि १८२०मध्ये बेळगावात आलेल्या लंडन मिशनरी सोसायटीच्या कामातून उभी राहिलेली, आता मेथडिस्ट म्हणवणारी मंडळी आहे. १६१६मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं ते गोव्यातल्या साष्टीत, घरी कोंकणी बोलणाऱ्या माणसांसाठी, मराठी ओव्यांत. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून त्याच लोकांची कोंकणी दडपायचा प्रयत्न केला. भाषेवरून अपमान काय असतो हे ज्यांच्या पूर्वजांनी सोसलं, त्यांनी तरी दुसऱ्याच्या भाषेला नाक मुरडायला नको होतं.

बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९ सप्टेंबर १९५३ची. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची रेघ ओढली गेली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. थोडक्यात, धर्मप्रांत रेघेपेक्षा जुना आहे. सेंट पॉल्ससारखी १८५६मधली शाळा तर त्याहून शंभर वर्षांनी जुनी. दोन्ही बाजूंची मुलं एका बाकावर बसवण्याची सवय या शहरातल्या ख्रिस्ती संस्थांना राज्यांपेक्षा आधीपासून आहे. ती सवय बाकावरच राहिली, वेदीपर्यंत आली नाही, हे वाईट.

आता २०२५चा उपवासकाळ आठवा. २१ फेब्रुवारीला बेळगावजवळ कर्नाटकच्या बसच्या वाहकाला मारहाण झाली. कन्नडमध्ये बोलल्यामुळे मारलं, अशी त्याची तक्रार. त्याच रात्री चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं. दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस बंद पडल्या. दोघेही पोटासाठी रात्रंदिवस गाडीवर राबणारी माणसं, आणि भाषेचा हिशेब चुकता करायला लोकांना नेमकी तीच सापडली. ५ मार्चला राखेचा बुधवार आला. आदल्या रविवारी रमजान सुरू झाला होता, त्यामुळे शहरातल्या दोन समाजांचे उपवास एकाच वेळी चालू होते. कपाळाला राख लागली, ‘तू माती आहेस’ हे शब्द सगळ्यांनी ऐकले, आणि दोनच दिवसांनी, म्हणजे राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी, नेहमीप्रमाणे बायबलातल्या यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला गेला. त्यात देव लोकांना सुनावतो की तुमचा उपवास भांडणतंट्यात आणि दुष्टपणे ठोसे मारण्यात संपतो, असा उपवास मला नको. मारहाणीला पंधरवडाही उलटला नव्हता. इतकं नेमकं वाचन मुद्दाम शोधूनही सापडलं नसतं.

योगायोग इथे थांबला नाही. कन्नड संघटनांनी या प्रकरणावरून कर्नाटक बंद पुकारला तो २२ मार्चला. उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातला तो शनिवार, आणि त्या शनिवारचं शुभवर्तमान असतं लूकच्या पंधराव्या अध्यायातलं, उधळ्या पुत्राचं. त्या वर्षी वाचनांच्या क्रमानुसार तीच कथा ३० मार्चच्या रविवारी पुन्हा आली, आणि त्या दिवशी गुढीपाडवा होता. युगादीही तीच. सीमेच्या दोन्ही बाजूंना कडुलिंब आणि गूळ खाल्ला जात असताना चर्चमध्ये दोन भावांची गोष्ट वाचली जात होती.

ही गोष्ट आम्ही नेहमी धाकट्याची म्हणून ऐकतो. उडाणटप्पू पोरगा, डुकरांच्या शेंगा, बापाची मिठी. पण ती सुरू होते वाटणीने. धाकटा म्हणतो, माझ्या वाट्याची मालमत्ता मला द्या. आणि ती संपते अंगणात, थोरला भाऊ घरात शिरायला नकार देऊन उभा असताना. थोरल्याचं काही चुकलेलं नाही. त्याने कधी आज्ञा मोडली नाही, त्याची तक्रार खरी आहे, हिशेबाला धरून आहे. त्याला एकच गोष्ट जमत नाही: त्याच्या तोंडून ‘माझा भाऊ’ हे शब्द निघत नाहीत. बापाशी बोलताना तो ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. सीमाभागातल्या मराठी माणसाला स्वतःला या कथेत शोधायचं असेल तर मी त्याला थोरल्याच्या शेजारी उभं करीन.

इथे माझे मराठी मित्र उसळतील, आणि त्यांचं उसळणं मला समजतं. त्यांचा आक्षेप असा: अन्याय झाला आमच्यावर. १९५६ला विचारलं कुणी? १७ जानेवारी १९५६च्या गोळीबारात माणसं गेली ती आमची. १९६७मध्ये महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटलं, महाराष्ट्राने ते नाकारलं, २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. १९५६च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत म्हटलं होतं की जिथे अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात. मराठी कागद मिळवायला इथल्या माणसांना किती खेटे घालावे लागतात ते आम्हाला विचारा. वरून २०२४मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती. आणि तुम्ही आत्मपरीक्षण सांगता ते आम्हालाच? सोसणाऱ्याला क्षमा शिकवणं हा तर सत्तेचा जुना डाव आहे.

हा आक्षेप वजनदार आहे. नुसतं ‘प्रेम करा’ म्हणून तो झटकणारं प्रवचन मला ऐकवत नाही. हक्क सोडा असं मी म्हणत नाही. न्यायालयातला दावा चालावा. १ नोव्हेंबरला ज्यांना काळा दिन पाळायचा त्यांनी तो शांतपणे पाळावा. मराठी शाळा टिकाव्यात, मराठी कागद मिळावेत, त्यासाठी अर्ज, मोर्चे, उपोषणं सगळं व्हावं. यातली एकही गोष्ट पाप नाही, आणि ती पाप असल्यासारखं बोलणारा धर्मगुरू लोकांची फसवणूक करतो.

पण मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू काय म्हणतो ते शब्द नीट पाहावेत. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे, हे त्याने विचारलेलं नाही. ते आपल्याला पाठच असतं, त्याची यादी वर दिली आहेच. विचारलं आहे ते भावाच्या मनात काय आहे. आपल्यावरचे अन्याय मोजणं हा इतिहासाचा आणि वकिलाचा व्यवहार. दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव कुठल्या पानावर आहे हे पाहणं, हा उपवासकाळाचा व्यवहार. पहिला सोडायचा नाही. दुसरा आजवर सुरूच केलेला नाही.

मग कन्नड शेजाऱ्याच्या वहीत आमच्या नावावर काय असेल? ‘कानडी’ हा उच्चार ज्या सुरात आमच्या घरांत होतो, तो सूर असेल. तीन पिढ्या इथे राहून, इथलं पाणी पिऊन, धड चार वाक्यं कन्नड बोलता येत नाही याचा मिरवलेला अभिमान असेल. भाजी विकायला आलेल्या हलगा-बस्तवाडकडच्या बाईने मराठीत भाव सांगावा ही अपेक्षा आणि नाही सांगितला तर काढलेलं तोंड असेल. साहित्य, नाटक, संगीत यांत आम्हीच पुढे ही ऐट असेल, तीही धारवाड दीड-दोन तासांवर असताना! ख्याल गायकीवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसाने धारवाड-हुबळीच्या मातीचं ऋण विसरावं, याला काय म्हणावं. हॉटेलातल्या पोऱ्यावर, बसच्या वाहकावर, पोलिसपाटलावर नव्हे तर साध्या शिपायावर काढलेला राग असेल. कारण राग काढायला नेहमी आपल्यापेक्षा दुबळा माणूस सापडतो, विधानसभा सापडत नाही.

कन्नड ख्रिस्ती बांधवांच्या आत्मपरीक्षणाची यादी मी करणार नाही. ती त्यांनी करायची. एवढंच सुचवीन की बहुसंख्याकाला आपली सक्ती सक्ती वाटत नाही, ती त्याला नुसती रीत वाटते, आणि म्हणून त्याच्या यादीला जास्त वेळ लागेल.

आणि आम्हा दोघांच्या यादीत एक सामाईक ओळ आहे, तिच्यावर दोन्ही भाषांत एकमताने मौन आहे. दलित ख्रिस्ती माणसाचं चर्चमधलं स्थान. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्मांतरानंतर त्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्याविरुद्ध आम्ही ठराव करतो, निवेदनं देतो. घरातल्या सोयरिकीत मात्र तो आदेश आम्हीच जास्त कडक पाळतो. या विषयावर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच नोंदवतो की भाषेचं भांडण कधीकधी जातीचं भांडण झाकायला फार सोयीचं पडतं.

‘धर्मात राजकारण नको’ या आक्षेपाचं उत्तर लूकच्याच बाराव्या अध्यायात आहे. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी कर. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? सीमाभागातल्या प्रत्येक धर्मगुरूने हे वाक्य खोलीत लावावं. बेळगाव कुणाचं हे सांगणं चर्चचं काम नाही. कुठल्या बाजूच्या मोर्चाला आशीर्वाद देणंही नाही. पण येशू तिथे गप्प बसत नाही हेही वाचावं. वाटणीचा निवाडा नाकारून तो लगेच त्याच माणसाच्या लोभाकडे वळतो. सीमा कुठे असावी यावर चर्चने मौन पाळावं. सीमेमुळे मनात काय साठलं यावर मौन पाळलं, तर मग आम्ही आत्म्याचा सांभाळ करतो म्हणायचं कशाच्या जोरावर?

भीतीचाही एक मुद्दा आहे आणि तो खाजगीत जास्त बोलला जातो. आपण आधीच मूठभर. डिसेंबर २०२१मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधमध्ये, आणि त्याच महिन्यात शहरातल्या एका चर्चच्या आवारात तलवार घेऊन माणूस शिरला होता. अशा वेळी स्वतःच्या चुका चव्हाट्यावर मांडायच्या? कुणी त्याचं हत्यार करील. करीलही. तरी मला वाटतं की आतून भाषाभाषांत फुटलेला लहान समाज जास्त असुरक्षित असतो. त्या तलवारवाल्याला आत कुठल्या भाषेची मिस्सा चालते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

प्रत्यक्षात करायचं काय? नवीन काही शोधायला नको. केरळातल्या सुरियानी मंडळींत उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी ‘शुब्कोनो’ नावाचा समेटाचा विधी असतो. धर्मगुरूपासून पोरासोरांपर्यंत सगळे एकमेकांची क्षमा मागतात आणि मगच उपवासाला लागतात. आमच्याकडे राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी सगळ्या भाषांच्या मंडळींनी असं एकत्र यायला काय हरकत आहे? कॅथलिकांबरोबर मेथडिस्टांनीही यावं. भाषेचा राग काही पंथ पाहून शिरत नाही. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानकं आहेत. मराठी माणसाने कन्नडमधून वाचावं, कन्नड माणसाने मराठीतून, चुकतमाकत, अडखळत, आणि कुणी हसू नये. पाचव्या स्थानकावर क्रूस उचलायला धरून आणलेला शिमोन कुरेनेचा, लांबून आलेला परका माणूस होता, त्याचं वाचन मुद्दाम कॅम्पातल्या तमिळ कुटुंबाला द्यावं. उपवासकाळात जमलेल्या दानातून मराठी चर्चने एखाद्या खेड्यातल्या कन्नड शाळेला पुस्तकं द्यावीत आणि कन्नड चर्चने मराठी शाळेला. पावती फाडावी, फोटो काढू नयेत.

आणि उत्तम शुक्रवारी योहानच्या एकोणिसाव्या अध्यायातलं येशूचं दुःखसहन वाचताना एका ओळीवर थोडं थांबावं. रोमन सुभेदार पिलाताने क्रुसावर पाटी लावली होती ती तीन भाषांत होती: हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक. त्या पाटीवरूनही तक्रार झाली होती. मुख्य याजक मजकूर बदलून घ्यायला पिलाताकडे गेले होते. समोर एक माणूस खिळ्यांवर लटकत असताना काही शहाण्यांचं लक्ष पाटीवर होतं. ६० टक्क्यांच्या वादात पाटी किती इंचांची असावी हे मोजणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना ही ओळ ऐकवायला हवी. पण तिथे नुसतं हसून पुढे जाऊ नये. मराठी पाटीचा हक्क खरा आहे, हे मी वर म्हटलंच आहे.

सुरुवात मराठी-कोंकणी बाजूने व्हावी असं माझं मत आहे. आम्ही जास्त दोषी आहोत म्हणून नव्हे. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या बऱ्याच पॅरिश कौन्सिलांत, गायकवृंदांत आणि शाळांच्या समित्यांत अजून आमचा शब्द चालतो म्हणून. शरण गेले, विकले गेले, असं आमचेच लोक म्हणतील. २००४च्या दाव्यावर यामुळे एका अक्षराचाही परिणाम होणार नाही हे त्यांना शांतपणे सांगावं लागेल, आणि ते पहिल्या वर्षी पटणार नाही.

नायसियाच्या बिशपांनी बैठक चाळीस दिवसांच्या आधी ठेवली होती, तेव्हा आम्हालाही ती जानेवारीत, जुन्या झावळ्या जाळून राख करायच्या पुष्कळ आधी बोलवावी लागेल. सगळ्या भाषांचे दोन-दोन प्रतिनिधी बोलवावेत, त्यांत निदान निम्म्या बायका असाव्यात आणि एक तरी पंचविशीच्या आतला असावा. बैठकीचं इतिवृत्त लिहावं लागेल. ते कुठल्या भाषेत लिहायचं यावरूनच पहिला वाद होईल. होऊ दे, त्यासाठीच तर ती बैठक आहे.